सावंतवाडीच्या गंजिफा आणि त्यांचा चितारी

आपल्याकडे चित्रकलेचा इतिहास लिहिताना लेणी, देवालये आणि दरबार यांची वर्णने भरपूर येतात. परंतु चित्र कोणी विकत घेतले, किती कामाच्या मोबदल्यात घेतले आणि घरी नेऊन त्याचे काय केले, हा साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मोठ्या भित्तिचित्रामागे राजा असतो किंवा देवस्थान असते. त्यामुळे तेथे हा प्रश्न आपोआपच मिटतो. पण तळहातावर मावेल एवढे चित्र काढून त्यावर संसार चालविणारा गावातला चितारी कोणाच्या आधाराने जगत होता, याचा शोध घेतल्याशिवाय आपल्या कलेचा अर्धा इतिहास अंधारातच राहील, असे आम्हांस वाटते. या शोधास सावंतवाडीच्या गंजिफांइतके सोयीचे उदाहरण कोकणात दुसरे नाही. म्हणून या लेखात त्यांचा विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेली खेळावयाची गोल पाने. हा खेळ इराणकडून मोगलांबरोबर हिंदुस्थानात आला, असे सामान्यतः मानले जाते. त्याचा येथील पहिला ठळक उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. इ. स. १५२७ मध्ये सिंधमधील ठठ्ठा येथील शाह हुसेन याने गंजिफा मागितल्या आणि बाबराने त्या आपल्या माणसाबरोबर पाठविल्या, अशी ती नोंद आहे. कोणीतरी मागणी केली आणि ती पुरविली गेली, याच रूपाने गंजिफा आपल्या इतिहासात प्रथम दिसाव्यात, हे फार सूचक आहे. पुढे अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने ‘आईन-ए-अकबरी’त या खेळाचे सविस्तर वर्णन केले. त्यात बारा रंगांच्या आणि १४४ पानांच्या जुन्या संचाची माहिती असून अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी त्यातील राजांची नावे दिलेली आहेत. बादशहाच्या फौजा, खजिना आणि कारखाने यांचे प्रतिबिंबच त्या पानांत उतरले होते.

या खेळाचे जे रूप पुढे देशभर रूढ झाले ते आठ रंगांचे. ताज, शमशेर, गुलाम, चंग अशी त्यातील रंगांची नावे. प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण ९६. महाराष्ट्रात याच संचास चंगकांचनी असे नाव पडले. परंतु आपल्या लोकांनी एवढ्यावर समाधान मानले नाही. त्यांनी बादशहाच्या कारखान्यांच्या जागी विष्णूचे दहा अवतार बसविले आणि दशावतारी गंजिफा तयार केल्या. दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, म्हणजे १२० पाने. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू अशी ओळखीची चिन्हे असत. खेळ परका असला तरी त्यातील चित्रे घरची झाली. ओरिसात, बंगालमधील विष्णुपुरात, म्हैसूरकडे आणि तेलंगणातील निर्मल येथेही आपापल्या परीने हेच घडले. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार यांनी तर स्वतःच गंजिफांचे नवे नवे प्रकार योजून आपल्या ग्रंथात त्यांची वर्णने नोंदविली.

या संचाची रचना चितार्‍याच्या दृष्टीने पाहिली म्हणजे एक मनोरंजक हिशेब हाती लागतो. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान अशी दोन चित्रपाने व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा अंकपाने असतात. म्हणजे १२० पानांत मूर्तींची पाने वीसच. उरलेली शंभर केवळ चिन्हांची. पण एक्क्यावर एक चिन्ह, दुर्रीवर दोन, याप्रमाणे दश्शीपर्यंत बेरीज केली तर एका रंगात ५५ चिन्हे भरतात आणि दहा रंगांत ५५०. एका दशावतारी संचासाठी चितार्‍याला वीस लहान मूर्तिचित्रे आणि साडेपाचशे मासे, कासवे, परशू, बाण, कमळे काढावी लागत. चंगकांचनीच्या आठ रंगांतही ही चिन्हे ४४० होत. एका गिऱ्हाइकाची एक मागणी पुरी करावयाची तर एवढे काम!

या हिशेबावरून गंजिफांच्या चित्रशैलीचे रहस्य बरेचसे उलगडते. साडेपाचशे चिन्हे काढणाऱ्यास प्रत्येक माशावर रेंगाळून चालत नाही. कुंचला टेकविला, वळविला आणि उचलला की मासा पुरा व्हावा लागतो. त्यामुळे रेषा थोडी, निश्चित आणि वेगवान होत गेली. जाणकार ज्या रेषेच्या जोमाची आज प्रशंसा करतात, तो जोम पुष्कळसा या घाईतून आणि सरावातून जन्मलेला आहे. हजारो वेळा काढलेला मासा अखेर हातात मुरतो. मग तो चुकत नाही आणि दोन मासे अगदी एकसारखेही होत नाहीत. छापील पानात आणि रंगविलेल्या पानात जो फरक आहे तो नेमका हाच.

पान तयार करण्याची कृतीही ध्यानात घेण्यासारखी आहे. श्रीमंतांसाठी हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची पाने होत. पण सामान्य संच कागदाचा अथवा कापडाचा असे. कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने एकमेकांस चिकटवून वाळवावयाचे, त्यावर खडूचा हात द्यावयाचा, गुळगुळीत दगडाने घोटून पृष्ठभाग सपाट करावयाचा, मग साच्याने गोल चकत्या पाडावयाच्या. त्यानंतर जमिनीचा रंग. प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची असे, म्हणून खेळातल्या ‘रंगा’ला येथे खराखुरा रंग लाभलेला असे. त्यावर बारीक कुंचल्याने चित्र आणि सर्वांत शेवटी लाखेचा लेप. या लेपाने पान ताठ होई, रंग टिके आणि चादरीवर पसरून पिसताना पाने एकमेकांवरून सहज सरकत. पाने गोल असण्याची सोयही याच पिसण्यात आहे. गोल पानास कोपरा नसतो, त्यामुळे तो दुमडण्याचा प्रश्नच उरत नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. चित्र पाहणारा पुढची बाजू पाहतो. पण गंजिफा विकत घेणारा खेळगडी पाठ पाहत असला पाहिजे. पाठीवर एखादा डाग, ओरखडा किंवा रंगाची कमीअधिक छटा राहिली तर ते पान ओळखले जाणार आणि सारा संच खेळास निकामी होणार. म्हणून १२० पाठी एकसारख्या साधणे हेही चितार्‍याच्या कसबाचे अंग होते. पुढच्या बाजूवर कल्पना आणि मागच्या बाजूवर शिस्त, असा हा दुहेरी धंदा होता. आजच्या प्रदर्शनांत पाने काचेखाली मांडली जातात, तेव्हा हा अर्धा भाग कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

आता सावंतवाडीकडे वळू. सावंत-भोसले घराण्याचे हे संस्थान सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले. वेंगुर्ले बंदरातून माल चढावा, सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट ओलांडावा आणि बेळगावच्या पेठेत जावा, ही या भागातील व्यापाराची जुनी वाट. दक्षिणेस पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे आजच्या गोव्यातील प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत याच राज्यात मोडत; पेडणे तर १७८८ पर्यंत. म्हणून सावंतवाडीचा चितारी आणि गोव्यातला चितारी यांच्यामध्ये नंतर जी सरहद्द आली ती राज्यकर्त्यांची, कारागिरीची नव्हे. कुंकळ्ळीच्या चितार्‍यांचे लाखकाम आणि सावंतवाडीच्या चितारआळीतील लाखकाम शेजारी शेजारी ठेवून पाहावे, म्हणजे या नात्याची खूण पटते.

गंजिफांच्या धंद्यात कामाच्या दोन प्रती ठरलेल्या होत्या आणि त्यांची नावेही बोलकी आहेत: दरबार कलम आणि बाजार कलम. दरबार कलमाचे पान म्हणजे सावकाश, तपशिलाने, प्रसंगी सोन्याचा वापर करून रंगविलेले. राजे-सरदारांच्या घरी जाणारे. बाजार कलमाचे पान म्हणजे थोड्या रंगांत, झपाट्याने उरकलेले. ज्याला खेळावयाचे आहे पण ज्याची ऐपत बेताची आहे अशा माणसासाठी. कलेचे इतिहासकार साहजिकच पहिल्या प्रतीकडे ओढले जातात. आमचे लक्ष मात्र दुसऱ्या प्रतीकडे अधिक जाते. दरबारची मागणी मोठ्या किंमतीची, पण क्वचित येणारी. घरातील चूल रोज पेटवायची तर बाजाराचाच भरवसा. शिवाय, एकाच वस्तूच्या दोन प्रती ठेवून दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांस सांभाळण्याची ही रीत शिकविण्यास चितार्‍याला कोणी अर्थशास्त्री लागला नाही.

तरीही चितारी केवळ गंजिफांवर जगत होता, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. लग्नसराई आली की रंगीत पाट आणि चौरंग हवेत. घरी मूल आले की पाळणा आणि त्यावरची खेळणी हवीत. देवस्थानाची पालखी, मखर, मुखवटे यांना वेळोवेळी रंग हवा. चतुर्थी जवळ आली की गणपती रंगवावयाचे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी आणि हुबेहूब दिसणारी लाकडी फळे यांसाठी सावंतवाडी पुढे प्रसिद्ध झाली. ती याच हातांनी घडविली. वर्षाच्या प्रत्येक ऋतूला वेगळे काम आणि प्रत्येक कामाला लोकांच्या घरातील एखादी निश्चित गरज, असा हा जम होता. त्या जमात गंजिफांची जागा करमणुकीची. लोकांच्या घरात रिकामी दुपार आणि पावसाळ्याची लांब रात्र होती, तोवर ती जागा शाबूत होती.

दशावतारी गंजिफाच या भागात इतक्या का रुजल्या, याचेही कारण जवळच सापडते. दक्षिण कोकणात आणि उत्तर गोव्यात गावच्या जत्रेला दशावतारी नाटक व्हावयाचेच. देवळासमोर रात्रभर जे अवतार पाहिले तेच दुसऱ्या दिवशी हातातल्या पानावर भेटत. देवाचे नाव घेत खेळावयाचा डाव म्हणून थोरामोठ्यांचा आक्षेपही मवाळ होई. खेळही विचारपूर्वक रचलेला होता. तिघांनी खेळावयाचे, प्रत्येकास चाळीस पाने. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने प्रथम उतरावयाचे. रात्री असेल तर तो मान कृष्णाचा. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या अर्ध्या रंगांत याच्या उलट. कोणती पाने पडली आणि कोणती उरली हे ज्याच्या ध्यानात राहील तोच जिंकणार. असा हा स्मरणशक्तीचा खेळ असल्यामुळे एकदा गोडी लागलेला माणूस सहसा तो सोडीत नसे, आणि पाने झिजली की त्याला चितार्‍याकडे यावेच लागे. झिजणारी वस्तू हे कारागिराचे खरे भांडवल, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

हा जम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ढासळू लागला. यंत्रावर छापलेली बावन्न पानांची युरोपी धर्तीची पाने बाजारात आली. बेल्जियममधील टर्नहाउट या गावच्या छापखान्यांत तयार झालेली पानेही बोटीने हिंदुस्थानात येऊ लागली. १२० पानांच्या जागी ५२, दहा रंगांच्या जागी चार, आणि किंमत हाताने रंगविलेल्या संचाच्या मानाने अगदीच थोडी. त्याच सुमारास भिंतीवरील चित्राचेही असेच झाले. १८७८ मध्ये पुण्यास चित्रशाळा प्रेस निघाला, १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि देवदेवतांची रंगीत छापील चित्रे घरोघर पोहोचली. गरिबाच्या भिंतीवर प्रथमच देवाचे चित्र लागले, हा लाभ लहान नव्हे. तो नाकारण्याचे आम्हांस कारण नाही. पण चितार्‍याच्या हातून एकाच पिढीत हातातले चित्रही गेले आणि भिंतीवरचेही. चितारआळीने खेळण्यांचा आणि लाकडी फळांचा आसरा घेतला. जे यंत्राला त्या काळी जमत नव्हते तेच काम हाती उरले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबार कलमाचा दरबारही संपला.

यानंतर जे घडले ते आपल्याकडील संस्थानिकांच्या इतिहासात विरळा म्हणावे लागेल. सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी या लुप्त होत चाललेल्या विद्येकडे लक्ष वळविले. ती जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेव्हा हयात होते. त्यांच्याकडून राजदंपतीने स्वतः ही कला शिकून घेतली. ज्यांच्या पूर्वजांनी चितार्‍यांस काम सांगितले त्यांनीच चितार्‍यापुढे शिष्य म्हणून बसावे, हा प्रसंग आमच्या मते कोणत्याही बिदागीपेक्षा मोठा आहे. १९७१ मध्ये राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ची स्थापना झाली. दरबाराच्या दालनात कारागीर बसू लागले आणि दशावतारी संचांबरोबर नवग्रहांचे, राशींचे, एवढेच नव्हे तर बावन्न पानांचेही संच रंगवू लागले. ज्या बावन्न पानांनी त्यांचा धंदा बुडविला तीच पाने गोल करून, रंगवून आणि लाखेत घोळवून विकावयाची, यात एक प्रकारची खेळकर परतफेडही आहे.

बाहेरच्या जगाचे लक्षही याच सुमारास वेधले गेले. मुंबईत अनेक वर्षे कलासमीक्षक म्हणून वावरलेले आणि नव्या चित्रकारांचे खंदे पुरस्कर्ते असलेले रुडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतभरच्या गंजिफा गोळा करून त्यांचा अभ्यास केला. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात गंजिफांचे प्रदर्शन भरले आणि त्या निमित्ताने लायडन यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. अलीकडच्या वर्षांत सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक उपदर्शनाची, म्हणजे ज्याला ‘जीआय’ म्हणतात त्याची, सरकारी नोंदही मिळाली आहे. वरवर पाहता कथा सुखान्त झाली.

परंतु आम्हांस येथेच थांबता येत नाही. विद्या वाचली, रंग वाचले, पानेही वाचली. पण गिऱ्हाईक पूर्वीचे राहिले नाही. पूर्वी संच घेणारा तो खेळण्यासाठी घेई. आजचा पाहुणा तो आठवण म्हणून घेतो, एखादे पान चौकटीत बसवितो, किंवा पेटी दिवाणखान्यातील कपाटात ठेवतो. जे पान झिजत नाही ते पुन्हा विकत घ्यावे लागत नाही. साडेपाचशे चिन्हांचा पुरा संच परवडत नाही म्हणून लोक दोन-चार राजांची पाने मागतात. म्हणजे अंकपानांचे ते मासे आणि ती कासवे, ज्यांच्यावर चितार्‍याचा हात तयार होत असे, तीच मागे पडण्याचा संभव आहे. राजा काढणे ही कलेची परीक्षा खरी. पण तिचा अभ्यास दश्शीवर होतो. बाजार कलम नाहीसे झाले तर दरबार कलमास हात कोठून मिळणार?

दुसरी उणीव नावाची. जुन्या संचांवर चितार्‍याची सही सहसा नसते. संग्रहालयांतील चिठ्ठ्यांवर गाव असते, शतक असते. रंगविणारा कोण हे नसते. पुंडलिक चितारी यांचे नाव आज आपल्या ओठी आहे ते त्यांच्याकडे शिकणाऱ्यांनी जपले म्हणून. त्यांच्या आधी होऊन गेलेल्या पिढ्यांचे तसे झाले नाही. सरकारी नोंदीने सावंतवाडी या नावाचे रक्षण होईल, दुसऱ्या गावच्या छापील मालास ते नाव लावता येणार नाही, आणि हे योग्यच आहे. पण ती नोंद गावाची, हाताची नव्हे. एकाच गावात दोन चितार्‍यांचे मासे वेगळे असतात आणि ज्याने आपला मासा वेगळा काढला त्याला तो आपला म्हणण्याचा हक्क असला पाहिजे. पाठ कोरी ठेवण्याचे जे कारण होते ते खेळाचे होते. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस नाव घालण्यास त्या कारणाची आडकाठी नाही.

मग करावे काय? राजाश्रय परत येणार नाही आणि तो यावा असेही कोणी म्हणणार नाही. सरकारी साहाय्य, प्रदर्शने, शिबिरे यांचा उपयोग आहे. पण चितारी टिकतो तो नियमित मागणीवर, हेच वर सांगितलेल्या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य आहे. ही मागणी आपल्या घरांतून निर्माण होणे अशक्य नाही. गोव्यात, बेळगावात, बडोद्यास, इंदुरास, हैदराबादेस आपल्या मंडळींची मंडळे आहेत, वाचनालये आहेत, गणेशोत्सव आहेत. बुद्धिबळांच्या आणि पत्त्यांच्या स्पर्धा जेथे भरतात तेथे गंजिफांचा एक डाव का मांडू नये? प्रत्येक मंडळाने बाजार कलमाचा एक संच, साध्या रंगांचा, दणकट, खेळण्यासाठीच केलेला, मागवून घ्यावा. खेळाचे नियम चार मुलांस शिकवावेत. आणि पाने झिजली की तक्रार न करता दुसरा संच मागवावा. लग्नात देण्याच्या वस्तूंत चांदीच्या वाटीशेजारी अशी एक पेटी ठेवली तर आहेराची शोभा कमी होणार नाही.

घराच्या भिंतीवर मोठे चित्र लावण्याची ऐपत सर्वांस नसते, आणि चित्राचा आस्वाद घेण्यास ती आवश्यकही नाही. आपल्या पूर्वजांनी चित्र हातात घेतले, चादरीवर पसरले, त्यावर पैजा लावल्या आणि झिजवून टाकले. तरीही, किंबहुना म्हणूनच, चितारआळीत पिढ्यान् पिढ्या कुंचले ओले राहिले. आज ती पाने आपण काचेआड जपू लागलो आहोत. जपणूक चांगलीच, पण दुपारच्या वेळी, तिघे जमले असता, रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने पहिले पान टाकावे, हे या चित्रांचे मूळ काम आहे. ते काम त्यांना परत मिळाले तर चितार्‍यालाही त्याचे काम परत मिळेल.